मेन वर कोणी केला

२३ ऑगस्ट २०२३, बुधवार. सकाळी चक्कीचा वरचा दगड उतरवून त्याला टाकी मारायला बसले. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम निघतं, भाकर थापताना तुटते आणि बाया ते तोंडावर बोलून दाखवतात. त्या दिवशी दळण घेऊन कोणी येणार नव्हतं म्हणून हे काम काढलं. संध्याकाळी यान चंद्रावर उतरणार होतं, आणि अख्खं गाव आमच्या चक्कीच्या अंगणात बसून ते पाहणार होतं.

त्याच संध्याकाळी माझा धाकटा दीर विजेच्या खांबावरून पडून मेला. मंडपवाल्या भाईच्या जनरेटरनं त्याला मारलं असं गाव तासाभरात म्हणायला लागलं, आणि काही लोक अजून म्हणतात. जनरेटर भाईचाच होता. पण त्याचा करंट खांबावरच्या तारेत सोडला तो भाईनं नाही. कसा गेला ते मी पाहिलं आहे. जसं झालं तसं लिहिते.

आमचं गाव लोणार तालुक्यात, सुलतानपूरच्या रस्त्याला. नवरा ट्रकवर असतो. महिन्यातून चार दिवस घरी. चक्की मीच चालवते. घराचा पुढचा भाग म्हणजे चक्की, तिच्यापुढे पत्र्याचं मोठं शेड आणि अंगण. भिंतीला भिंत लावून दिराचं घर. तो, जाऊ आणि त्यांच्या दोन मुली. सासरे आमच्याकडे. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. पंच्याहत्तरी ओलांडलेली, कानानं कमी ऐकू येतं, पण हातपाय चालते.

मामाजींची खाट चक्कीत मेनच्या पेटीखाली असायची. लोखंडी पेटी, बाजूला दांडा. दांडा वर केला की चक्कीत लाईट, खाली केला की बंद. पेटीच्या बाजूला तीन लहान दिवे बसवलेले, लाल, पिवळा, निळा. चक्कीच्या मोटारीला तिन्ही फेज, म्हणजे विजेच्या तिन्ही तारा, लागतात. तिन्ही दिवे लागले म्हणजे मोटार चालवायला हरकत नाही. एखादा बंद असला तर मोटार जळते. लाईट गेली की मामाजी खाटेवर पडून त्या दिव्यांकडे बघत राहायचे. दिवे लागले की ओरडायचे, "आली वो!" मी हातातलं काम टाकून चक्की सुरू करायची. लाईट गेल्यावर मेन खाली करायचा नाही, हा आमच्या घरातला नियम त्यांनीच घातलेला. मेन खाली असला तर लाईट आलेली समजत नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या चक्कीवर जातं. वर्षानुवर्षं त्यांनी घरात हे एकच काम धरून ठेवलं होतं आणि त्यात ते कधी चुकले नव्हते.

दीर गावचा झिरो वायरमन. बाहेरच्या वाचकाला सांगायचं तर, वीज कंपनीचा लाईनमन एक आणि त्याच्याकडे गावं पुष्कळ. तो सगळीकडे पोचत नाही. मग गावातलाच एखादा माणूस त्याच्या हाताखाली शिकून खांबावर चढायला लागतो. त्याला नेमणूक नाही, पगार नाही, टोपी नाही. लोक बोलावतात, काम झालं की चहा पाजतात. दीर या कामात भित्रा होता, आणि ते बरं होतं. सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घेतल्याशिवाय, म्हणजे परमिट घेतल्याशिवाय, तो खांबाला हात लावत नसे. लोक चिडवायचे, "काऊन बे, बायकोले इचारून चढतो का?" तो म्हणायचा, "हाव. तिलेच इचारतो. तिलेच जाब द्या लागते ना."

आठ दिवस गावात यानाशिवाय विषय नव्हता. शाळेतल्या पोरांनी खोक्याचं यान केलं, त्याला चकलीच्या पुड्याचा चंदेरी कागद लावला आणि गावभर मिरवणूक काढली. मारुतीच्या देवळात अभिषेक ठरला, मशिदीत दुआ ठरली. पारावर बसणारे एकमेकांना सांगत होते की आपल्या लोणारच्या सरोवराचा दगड चंद्राच्या दगडासारखाच आहे, म्हणजे चंद्र कसा दिसतो ते आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. पावसानं महिनाभर दडी मारली होती. सोयाबीन माना टाकत होतं. त्यावर बोलून बोलून लोक थकले होते, त्यामुळे हा नवा विषय सगळ्यांनी घट्ट धरला.

दिराला तर वेडच लागलं होतं. मागच्या खेपेला यान पडलं तेव्हा तो जागला होता आणि दुसऱ्या दिवशी जेवला नव्हता. या वेळी मला म्हणाला, "वयनी, मांगच्या खेपेले रातचं उतरवत होते. अंधारात कोनी बी पडते. या खेपेले उजेडात हाय. पाहा तुमी."

"तुमाले कोनं सांगतलं, भाऊजी, तिथं उजेड हाय म्हून?"

"इथं दिवस हाय ना? मंग झालं तर!"

मोठ्या पडद्यावर दाखवायचं हे त्याच्याच डोक्यातून निघालं. मंडपवाला भाई त्याचा दोस्त. लग्नाच्या हंगामात दीर त्याच्या लाईटिंगच्या कामाला जायचा. भाईनं पडदा, प्रोजेक्टर, स्पीकर, सतरंज्या सगळं फुकट आणून दिलं. शेडला तिन्ही बाजूंनी काळ्या कनाती लावल्या, म्हणजे दिवसाउजेडीसुद्धा आत चित्र दिसावं. पुढच्या खांबांना केशरी, पांढरं, हिरवं कापड गुंडाळलं. चार वाजेपासून बाया जागा धरून बसल्या.

पाचच्या सुमाराला लाईट गेली.

आधी सगळे हसले. एक जण म्हणाला, "यान तिथं जाऊन पोचलं अन् आपली लाईट देवळापोतर बी येत नाही!" मग हसू थांबलं आणि सगळ्यांनी दिराकडे पाहिलं. तो फिरून आला. देवळामागच्या खांबावरचा जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, जळाला होता. पाऊस नसल्यानं सगळ्यांच्या विहिरींवर मोटारी चालू होत्या, त्या ताणानं. त्यानं सबस्टेशनला फोन लावला, तिकडून लाईन बंद केल्याचं ऐकलं, पट्टा कमरेला बांधला.

जाताना मला म्हणाला, "वयनी, मही जागा धरून ठेवजा. म्होरची."

"या तर लवकर. नाहीतर बसन दुसरं कोनी."

हे आमचं शेवटचं बोलणं. यात काही विशेष नाही, पण विचारतात म्हणून लिहिलं.

देवळामागचा खांब आमच्या अंगणातून दिसत नाही. मधे दोन घरं आणि एक बोळ आहे. अंगणातल्या लोकांना नुसतं एवढं कळत होतं की लाईट नाही आणि वेळ चाललाय. साडेपाच वाजले तशी कुरबूर सुरू झाली. तेव्हा भाई म्हणाला, माझ्या टेम्पोत जनरेटर आहे, लग्नाचा. लावतो.

"भाई, आज तूच आमचा देव!" असं ओरडून दोघातिघांनी जनरेटर उतरवला. ज्यांनी उतरवला त्यांची तोंडं माझ्या लक्षात आहेत.

भाईनं जनरेटरची वायर चक्कीच्या बोर्डात लावली, कारण पडद्याचं सगळं कनेक्शन तिथूनच होतं. लावण्याआधी मला म्हणाला, "भाभी, पहले मेन गिराओ. नहीं तो करंट उल्टा बाहर लाइन पे जाएगा. वो ऊपर है."

मी मेन खाली केला. भाईनं स्वतः दांडा हलवून पाहिला, पक्का खाली आहे ना. तिथल्या पोरांनाही सांगितलं, कोणी हात लावू नका. मग जनरेटर सुरू केला. पडदा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या दारानं पाण्याच्या घागरी आणायला गेले, कारण उकाड्यानं लेकरं रडत होती.

मामाजी या सगळ्या वेळात तिथे नव्हते. ते देवळात अभिषेकाला गेले होते. प्रसादाचा द्रोण घेऊन ते आले, गर्दीतून वाट काढत चक्कीत शिरले आणि आपल्या खाटेवर बसले. सगळ्यांची तोंडं पडद्याकडे होती. म्हाताऱ्याकडे कोण बघतं?

मी घागर घेऊन परत येत होते तेव्हा जनरेटरचा आवाज एकदम दबला. पडदा काळा झाला. अंगणात आरडाओरडा. "ए भाई! काय करून राह्यला बे? उतरायची टाइम झाली!" त्याच वेळी बोळापलीकडून पत्र्यावर काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. अंगणातल्या गोंधळात तो कोणाला ऐकू गेला नसेल. मी मागच्या बाजूला होते, मला गेला.

मी चक्कीत शिरले. मेनचा दांडा वर होता. मामाजी पेटीजवळ उभे होते, एक हात दांड्यावर, दुसऱ्या हातात द्रोण, आणि तीन दिव्यांकडे बघत होते. मी त्यांना बाजूला सारून दांडा खाली ओढला. बोलायला वेळ नव्हता. देवळाकडे पळाले.

तो देवळामागच्या गोठ्याच्या पत्र्यावरून खाली घसरून पडला होता. पट्टा तुटलेला. उजवा हात मनगटापासून काळा. डोळे उघडे होते, श्वास होता, निदान मला तसं वाटलं. दोघं पुजारी आणि मी, आम्ही त्याला सतरंजीवर घेतलं. एका पोराला बोलेरो आणायला पिटाळलं. तेवढ्यात बोळाच्या पलीकडे जनरेटर पुन्हा सुरू झाला. मेन मी खाली केलेला होता, त्यामुळे पडदा लागला.

लोकांना माहीत नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. काही जणांना कळलं आणि ते धावत आले, त्यांत जाऊ होती. काही जणांना कळलं आणि ते आले नाहीत, दोन-चार मिनिटांचाच प्रश्न होता म्हणून. गाडीत घालताना त्याची मान धरायला माणूस कमी पडत होता. मी पदरानं त्याची मान बांधून घेतली. बोलेरो देवळापुढून वळली तेव्हा अंगणातून असा आवाज उठला की ड्रायव्हरनं दचकून ब्रेक मारला. टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार, कोणीतरी फटाक्यांची लड लावली. यान उतरलं होतं. जावेच्या मांडीवर दिराचं डोकं होतं. ती त्याला म्हणाली, "उतरलं वो. आयकून राह्यले का? उतरलं."

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं पाहिलं आणि तो आधीच गेला होता असं सांगितलं.

अंधार पडेपर्यंत गावातली निम्मी माणसं दवाखान्याच्या आवारात जमली. कोणाच्या कपाळाला अजून गुलाल, कोणाच्या हातात पेढ्याचा पुडा. काय करावं हे न समजून एकानं तो पुडा पायरीवर ठेवला, दुसऱ्यानं उचलून खिशात घातला. मग बोलणं सुरू झालं.

"जनरेटर लावला म्हून मेला ना."

"कोनाचा जनरेटर होता?"

"त्याईचाच."

"मुद्दाम केलं असन बे. त्याले पाह्यवलं नसन, आपलं यान उतरून राह्यलं ते."

हे शेवटचं वाक्य बोलणारा तोच, ज्यानं जनरेटर उतरवायला हात लावला होता. भाई तिथेच होता, भिंतीला टेकून, चप्पल नसलेल्या पायांनी. तो आमच्याच मागे टेम्पो घेऊन आला होता. टेम्पोची पुढची काच कोणीतरी फोडली तेव्हा पोलीस आले आणि त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेले. जाताना तो माझ्याकडे पाहत होता. "भाभी, मेन गिरा था ना? आपने गिराया था ना?"

"हाव," मी म्हणाले. "खाली होता."

मोठ्यानं म्हणाले, पण जयजयकार करून बसलेले घसे आता दुसऱ्याच गोष्टी ओरडत होते. कंपनीचा एक साहेब येऊन गेला. हा आमचा माणूस नव्हता, याला खांबावर चढायचा अधिकार नव्हता, एवढं सांगून गेला. ते खोटं नव्हतं.

जाऊ माझ्याजवळ येऊन बसली. "बाई, तुमी तिथंच होत्या. तुमी पाह्यलं ना त्यानं वायर लावताना? पोलिसाले सांगा ना मंग."

मी म्हटलं, सकाळी बोलू. तिला दिवसभराच्या उपासावर चहासुद्धा गेला नव्हता. तो आधी पाजला.

नवऱ्याला फोन केला तेव्हा तो गुजरातेत होता. भावाचं आधी सांगितलं. मग मी त्याला मेनचं सांगितलं. म्हटलं, मामाजींनी वर केला.

तो म्हणाला, "हे कोनाले सांगतलं?"

"अजून नाही."

"नोको सांगू. पोरगा गेला, आता बापाले जेलात घालतं का? भाईचं काय, सुटते तो. त्याच्याकडं वकील-गिकील असतात."

"त्याच्याकडं टेम्पो हाय. वकील नाही."

"तू मधात पडू नोको," तो म्हणाला, आणि रेंज गेली की त्यानंच ठेवला, माहीत नाही.

सकाळी मी उठले, अंगण पाहिलं. कनाती तशाच होत्या, सतरंज्यांवर चुरमुरे आणि कागदी झेंडे. रात्रीतून कंपनीनं लाईन जोडली होती; शेजाऱ्याच्या टीव्हीवर चालू होतं की रात्री यानातून छोटी गाडी उतरली आणि चंद्रावर चालायला लागली. घरात सुतक, चूल पेटवायची नव्हती. शेजारणीनं चहा आणून दिला. तो घेऊन मी मामाजींकडे गेले. ते खाटेवर नव्हते. चक्कीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसले होते, खाटेपासून दूर. तेवढ्यावरून मला समजलं की त्यांना समजलं आहे.

मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "मामाजी, मेन कोनं वर केला?"

"म्या."

"काऊन?"

"एक दिवा लागेल होता." त्यांनी तीन दिव्यांकडे बोट केलं नाही, नुसतं सांगितलं. "लाल. म्हटलं लाईट आली, अन् कोनं मेन खालीच ठेवला. म्हून वर केला. बाकीचे दोन बी लागतीन म्हून."

तो लाल दिवा जनरेटरवर लागला होता. जनरेटरला एकच फेज. त्यांनी आयुष्यभर जसं केलं तसंच केलं होतं. माझी खात्री आहे की आमच्या भागातल्या कुठल्याही चक्कीत, कुठल्याही म्हाताऱ्यानं तेच केलं असतं. पण भाई ठाण्यात बसला होता.

"मामाजी, भाईले नेलं पोलिसाईनं. हे सांगा लागते."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तू सांग," म्हणाले. "मह्या तोंडातून नाही निंघत."

दहा वाजता जमादार पंचनाम्याला आला. मागे गाव. जाऊ दारात, तिच्या माहेरची माणसं तिच्याभोवती. जमादारानं बोर्ड पाहिला, जनरेटर पाहिला, आणि वायर कोणी लावली ते लिहायला लागला. मी त्याला थांबवलं. मेनपाशी नेलं, दांडा खाली करून दाखवला. म्हटलं, मी असा खाली केला, भाईनं तपासला. मग वर करून दाखवला. म्हटलं, असा माझ्या सासऱ्यांनी वर केला. मी डोळ्यांनी पाहिलं. दिव्याचं सगळं सांगितलं.

मग दवाखान्यात "मुद्दाम केलं" म्हणणारा तोच माणूस म्हणाला, "म्हातारा बधिर हाय, याले काय समजते? तुमी भाईले वाचवून राह्यल्या."

"मंग त्याईलेच इचार," मी म्हटलं. "बधिर हाय, मुका नाही."

मामाजी उभे राहिले. पोत्याला धरून, हळूहळू. "म्याच केला," म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, कारण ऐकू कमी येणारा माणूस मोठ्यानंच बोलतो.

जावेनं दोन्ही मुलींचे दंड धरले आणि त्यांना आमच्या दारातून ओढत आपल्या घरात नेलं. कडी लावल्याचा आवाज आला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

जमादार म्हणाला, आजोबांना ठाण्यात यावं लागेल, जबाबाला. प्रेत दुपारी यायचं होतं. म्हटलं, त्याच्याआधी परत आणून सोडायचं. तो हो म्हणाला. मी मामाजींना धुतलेलं धोतर दिलं, त्यांच्या बीपीच्या गोळ्या घेतल्या, घराला कुलूप लावलं आणि जीपमध्ये त्यांच्या बाजूला बसले.

ठाण्यात भाई बाकावर बसला होता. मामाजींना पाहून उठला आणि जागा दिली. ठाणेदारानं कागद पुढे ओढला आणि मला विचारलं, "हं, बोला बाई."

मी म्हटलं, आधी भाईला घरी जाऊ द्या, मग बोलते.

"तसं नसतं बाई. आधी जबाब."

"जमादारांपुढं गावादेखत बोलली मी. त्यांनी लिहिलं. आता हा गेल्याशिवाय माझ्या तोंडातून शब्द निघणार नाही, आणि यांच्याही नाही."

मी मामाजींच्या बाजूला बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि तोंड मिटलं. ठाणेदारानं दोन-तीनदा विचारलं. एकदा आवाज चढवला. मी भिंतीकडे पाहत राहिले. शेवटी त्यानं जमादाराला आत बोलावलं, त्यांचं काहीतरी बोलणं झालं. भाईची सही घेतली. तो फाटकाबाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत मी खिडकीतून पाहिलं. मग ठाणेदारापुढची खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.